कुणालाच नको असलेला किनारा

देवानं माणसांना भीती वाटायला काढली तेव्हा आमचे साडू रांगेत सगळ्यांच्या पुढं उभे असावेत, आणि मागच्यांच्या वाट्याला फारसं काही उरलं नसावं. जगात ज्या गोष्टींना भ्यावं त्या सगळ्यांना ते भीत. ज्यांना भ्यायचं काही कारण नाही त्यांना जरा जास्त भीत. आणि एखाद्या दिवशी भ्यायला काहीच सापडलं नाही तर ते घरभर पुन्हा शोधत फिरत, कारण याचा अर्थ काहीतरी नजरेतून सुटलं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दुबईत अल कुसैसमध्ये आम्ही एकाच इमारतीत राहायचो, आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि ते पहिल्या. पहिला मजला त्यांनी बराच काथ्याकूट करून निवडला होता. तळमजला नको, पाणी शिरतं. वाळवंटात पाणी कुठून शिरणार, हे विचारायची सोय नव्हती. दुसरा मजला नको, कारण आगीत उडी मारायची वेळ आली तर दुसऱ्यावरून पाय मोडतो आणि पहिल्यावरून फक्त मुरगळतो. आमच्याकडे येताना ते लिफ्टनं वर येत, पण जाताना मात्र जिन्यानंच उतरत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अहो, लिफ्ट पडते ती खालीच पडते ना? वरच्या दिशेनं पडलेली ऐकलीत कधी?"

त्यांच्या घरी एसी चालू असला तरी खिडकी बोटभर उघडी असे, गॅस साठू नये म्हणून. ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी आणि माझ्या मेव्हणी, म्हणायच्या, "आमच्या एसीवर अख्खं शारजा गार होतं." झोपण्यापूर्वी घरातले सगळे प्लग काढले जात, त्यात फ्रीजचाही, आणि मग ताई हळूच उठून तो परत लावत. गाडी ते साठच्या वर नेत नसत. दुबई-शारजा रस्त्यावर मागून ट्रकवाले भोंगे वाजवून जीव खात आणि साडू आरशात बघून हात जोडत. लेबर कार्डाची, म्हणजे कामाच्या परवान्याची, एक प्रत शर्टाच्या खिशात, एक पाकिटात आणि एक मोज्यात. एकदा सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या पोलिसानं हसून "गुड मॉर्निंग, हबीबी", म्हणजे लाडक्या, असं म्हटलं तर त्या दिवशी यांना डबा गेला नाही. "उगाच कुणी कुणाला हबीबी म्हणतं का? काहीतरी माहिती असणार त्याला." त्यांची मुलगी सई आखातातच वाढलेली, मराठी समजायची सगळं पण उत्तर इंग्रजीत. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "डॅड, ही वॉज जस्ट बीइंग नाइस!" साडू म्हणाले, "तेच तर."

अशा माणसाला नोकरी कोण देईल असं वाटेल. पण देवाच्या घरी न्याय आहे. शारजा औद्योगिक क्षेत्रात लोखंडी सांगाडे बनवणारी एक कंपनी होती, तिथं ते सेफ्टी ऑफिसर होते. म्हणजे दिवसभर घाबरायचं आणि महिन्याच्या शेवटी त्याचा पगार घ्यायचा. यार्डात क्रेन हलली की हे डोकं दोन्ही हातांनी धरून पळत, डोक्यावर हेल्मेट असलं तरी. कुणी कुठून कसं पडेल, कुणाचा हात कशात सापडेल, हे त्यांना आधी दिसे आणि ते घाम पुसत तिथं जाऊन उभे राहत. मजूर त्यांना 'डर साहब' म्हणत. हसत आणि ऐकतही. इतक्या वर्षांत त्या यार्डात कुणाचं करंगळीचं नखसुद्धा उडालं नव्हतं. त्यांचे मॅनेजर मला एका पार्टीत म्हणाले होते, "या माणसानं भ्यायला एक दिवस सुट्टी घेतली नाही हो."

आम्ही खूप हसायचो. माझ्या बायकोला तर 'भावोजींचं नवीन काय' हे ऐकल्याशिवाय सुट्टीचा शुक्रवार गेल्यासारखा वाटत नसे. मग एकदा ताईंनीच सांगितलं, भाजी निवडताना, मान वर न करता. इथं येण्याआधी ही मंडळी कुवेतला होती आणि लढाईत परत आली हे आम्हाला ठाऊक होतं, पण तिथून कशी निघाली यावर कधी बोलणं झालं नव्हतं. नव्वद सालच्या त्या ऑगस्टमध्ये सकाळी साडू दूध आणायला खाली उतरले तर रस्त्यात इराकचा रणगाडा उभा. अकरा वर्षांचा संसार, ओळखीचा किराणावाला, सईची शाळा, सगळं एका सकाळीत परकं झालं. बसमधून बसरा, मग बगदाद, मग जॉर्डनच्या सीमेवर वाळूत ठोकलेले तंबू, एका बाटलीत तिघांचं पाणी, आणि शेवटी मुंबईचं विमान. "लग्न नवं होतं तेव्हा माझ्या माहेरच्या विहिरीत काठावरून सूर मारून दाखवायचे हो हे," ताई म्हणाल्या. "आई ओरडायची, जावईबापू, पुरे. आता बादलीत पाणी भरलं तरी बाजूला सरकतात." त्या दिवसानंतर आम्ही हसायचं सोडलं असं नाही, पण हसताना ताईंकडे बघायचं टाळू लागलो.

त्या प्रवासातून साडूंनी एकच निष्कर्ष काढला होता. जिथं कुणाला काही हवं असेल तिथं राहू नये. त्यांच्याकडे एक जुना नकाशासंग्रह होता आणि सुट्टीच्या दिवशी ते जगातले देश एकेक करून निकालात काढत. इथं तेल आहे, बाद. इथं सोनं आहे, बाद. इथून बोटी जातात, बाद. ऑस्ट्रेलिया बराच वेळ टिकला होता, पण तिथल्या विषारी कोळ्यांमुळे गेला. मी म्हटलं, "मग साताऱ्याला आपल्या गावी जा की." त्यांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "तिथं भाऊबंद आहेत."

अशात त्यांच्या यार्डात जेरार आला. वेल्डिंग तपासायचं काम करायचा, लालबुंद तोंडाचा, दाराच्या चौकटीत जेमतेम मावणारा कॅनडाचा माणूस. शारजात येऊन महिना झाला नाही तोच 'यल्ला', म्हणजे चला, आणि 'खलास' बोलायला लागला, आणि डब्यातली भेंडी मागून खायचा. तो कॅनडाच्या पूर्वेच्या टोकाचा, अकाडियन म्हणून फ्रेंच बोलणारे लोक आहेत त्यांतला. समुद्रकाठचं त्याचं गाव एवढंसं, की एका रस्त्याला घरं लागतात आणि रस्ता संपला की गाव संपतं. त्यानं फोटो दाखवले. लाकडी घरं निळी, पिवळी, लाल रंगवलेली, आणि त्याच रंगाच्या होड्या. पांढरं चर्च. खेकड्याचे थोरले भाऊ असावेत तसे शेवंडे पकडायचे लाकडी पिंजरे, घराइतके उंच रचून ठेवलेले. आणि सगळ्यावर धुकं. ओहोटीला समुद्र इतका मागं जातो की धक्क्याला बांधलेल्या होड्या खाली चिखलात बसतात, आणि भरतीला पाणी दोन मजले वर चढतं. "दाराला कुलूप?" साडूंनी विचारलं. जेरारला प्रश्नच कळला नाही. त्याच्या घराला कुलूप होतं की नाही हे त्याला आठवेना.

त्या दिवसापासून साडूंना त्या गावानं झपाटलं. अडचण एकच, आणि ती दोन मजले उंच होती. जो माणूस जुमेराच्या किनाऱ्यावर चप्पल भिजली तर घरी जायला निघे, त्यानं सगळं जग सोडून नेमकं समुद्राच्या तोंडाशी जाऊन राहायचं! जेरार म्हणाला, सवय करू. म्हणून एका शुक्रवारी आम्ही सगळे कल्ब्याला गेलो, पूर्व किनाऱ्यावर. डोंगर ओलांडताना प्रत्येक वळणावर साडू ब्रेक दाबत, आणि गाडी मी चालवत होतो. ते मागच्या सीटवर बसले होते. किनाऱ्यावर पोचल्यावर त्यांनी डिकीतून नारिंगी रंगाचं लाइफ जॅकेट काढलं आणि चढवून पट्टे आवळले. ताई हळहळल्या, "नव्वद दिरहम! म्हणजे हजार-अकराशे रुपये, आणि हे घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहणार!" जाळी ओढणारे मच्छीमार काम थांबवून बघायला लागले. सई लांब जाऊन बसली. "मॉम, टेल हिम. एव्हरीवन इज स्टेअरिंग." साडू मात्र घोट्याएवढ्या पाण्यात, डोळे गच्च मिटून, जेरारचा हात धरून उभे होते, आणि प्रत्येक लाटेला "आली, आली" म्हणत होते. सात-आठ लाटांनंतर त्यांनी एक डोळा उघडला.

नंतर आम्ही वाळूत बसून पुऱ्या आणि लोणचं खात होतो तेव्हा माझ्या बायकोनं सहज विचारलं की हे फ्रेंच बोलणारे लोक त्या टोकाला पोचले कसे. जेरार इंग्रजीत बोलला, मी मराठीतच सांगतो. तो म्हणाला, आमचे पूर्वज आधी तिथं नव्हतेच. चांगल्या काळ्या जमिनीवर होते, समुद्राला बांध घालून शेती करत. अडीचशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी सांगितलं, आमच्या राजाशी इमान राखायची शपथ घ्या. ते म्हणाले, लढायला बोलावणार नसाल तर घेतो. मग एक दिवस माणसांना चर्चमध्ये बोलावलं, दारं लावली आणि सांगितलं की हा मुलूख आता तुमचा नाही. जहाजांत भरलं. नवरा एकात, बायको दुसऱ्यात. मागं वळून पाहिलं तर घरं जळत होती. पुऱ्या सगळ्यांच्या हातातच राहिल्या. माझं लक्ष साडूंकडे होतं. त्यांचा चेहरा वाळूसारखा झाला होता आणि लाइफ जॅकेटचे पट्टे त्यांनी पुन्हा आवळले होते. मला वाटलं, झालं, हेही गाव बाद.

मग त्यांनी विचारलं, "परत आले ते?"

"आले," जेरार म्हणाला. "काही जण वर्षानुवर्षं चालत आले. पण जमिनी दुसऱ्यांना देऊन झाल्या होत्या. मग त्यांना सांगितलं, तो पलीकडचा किनारा घ्या. खडक, धुकं, काही पिकत नाही. कुणालाच नको होता तो."

"आणि नंतर? कुणी मागायला आलं?"

"नाही. कोण येणार?"

साडूंनी सावकाश जॅकेटचा पहिला पट्टा सोडला. माझ्याकडे वळून म्हणाले, "मग बरोबर आहे. तिथंच जायचं." आणि उरलेली पुरी खाल्ली.

मी तो हिशेब कितीदा मनात मांडून पाहिला आहे. आम्हाला त्या गोष्टीत जळणारी घरं दिसली आणि त्यांना परत चालत येणारी माणसं. कुवेतमधून निघालेल्या बसमध्ये त्यांना असं कुणी भेटायला हवं होतं.

पुढची दोन वर्षं अर्ज आणि वाट बघणं यांत गेली. साडू जेरारकडून त्याच्या गावचं जुन्या वळणाचं फ्रेंच शिकले. कॅनडाच्या वकिलातीत मुलाखतीला गेले तेव्हा तिथली बाई दोन वाक्यं ऐकून आधी चकित झाली आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, कारण साताऱ्याचा माणूस तिच्याशी मासे पकडणाऱ्या आजोबांच्या थाटात बोलत होता. यांना वाटलं, संपलं सगळं. घरी येऊन त्यांनी अंथरूण धरलं. पण व्हिसा आला. जेरारच्या बहिणीच्या नवऱ्याचा शेवंडे साफ करून डब्यात भरायचा छोटा कारखाना होता, तिथं सुरक्षेचं बघायला माणूस हवा होता. ज्या गृहस्थानं जन्मात मासळी खाल्ली नव्हती आणि मासळीबाजाराच्या बाजूचा फुटपाथ टाळला होता, त्यांची अशी सोय लागली.

आणि मग खरी भीती आली. आधीच्या सगळ्या तिच्यापुढं पोरखेळ होत्या. जायचं म्हणजे इथला व्हिसा रद्द करायचा. शिक्का बसला की या देशातलं नाव पुसलं, परत येतो म्हणायला दार नाही. मी गाडी चालवत होतो, शेजारी साडू, मागं ताई आणि सई. व्हिसाच्या ऑफिसपाशी कंपनीचा कागदपत्रं बघणारा माणूस उभा होता. त्यानं खिडकीतून हात आत घातला. "यल्ला साब, पासपोर्ट दो. दस मिनिट, खलास." साडूंनी तिन्ही पासपोर्ट छातीशी धरले. बाहेर ऊन रणरणत होतं, एसी पूर्ण चालू होता आणि त्यांच्या कानामागून घाम ओघळत होता. मला एकदम कळलं की आज हा माणूस एका गावाला भीत नाहीये, तो त्या सकाळच्या दुधाच्या पिशवीला भितोय. यावेळी तर घर सोडायला कुणी सांगितलंही नव्हतं. आपल्या हातानं सोडायचं होतं, आणि चुकलं तर बोट दाखवायला सैन्यही नव्हतं. मलाही भीती वाटली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी ते "परत फिरवा गाडी" म्हणाले असते तर मी आनंदानं फिरवली असती.

मागून सई बोलली. आता अठराची झालेली, आणि मला आठवतं तसं तिनं पहिल्यांदाच वाक्य मराठीत सुरू करून मराठीत संपवलं. "बाबा, मला पण भीती वाटते. आईला पण वाटते. आपण तिघं एकत्र घाबरू ना तिकडे."

साडूंनी मागं वळून तिच्याकडे पाहिलं. मग पासपोर्ट खिडकीतून बाहेर दिले. तो माणूस ते घेऊन आत गेला तसे साडू गाडीतून उतरले आणि उन्हात, डोक्यावर काही न घेता, तो परत येईपर्यंत उभे राहिले. उन्हाला ते फार भीत असत.

विमानतळावर निरोप घेताना त्यांनी मला बाजूला घेऊन बऱ्याच सूचना दिल्या. खालच्या मजल्यावरच्या गिझरकडे लक्ष ठेवा, नवीन येणाऱ्यांना सांगा. उजवीकडून ओव्हरटेक करू नका. आणि मग एकदम गळ्यात पडले. साडूनं साडूच्या गळ्यात पडायची आमच्याकडे पद्धत नाही. मी कसाबसा त्यांच्या पाठीवर हात फिरवला. नंतर अधूनमधून फोन येत, छोटे. थंडी आहे. धुकं आहे. सई कॉलेजला जाते. समुद्र आहे तिथंच आहे. बरं वाटलं की वाईट, ते त्यांच्या आवाजावरून कळत नसे.

पुढच्या वर्षी पंधरा ऑगस्टला संध्याकाळी फोन वाजला. त्यांच्याकडे तेव्हा दुपार. स्वातंत्र्यदिनाचा केला असेल असं वाटून माझ्या बायकोनं उचलला आणि दचकून कानापासून लांब धरला. पलीकडून पत्रे कोसळावेत तसा खणखणाट येत होता. "भावोजी! काय झालं? पडलं का काही?" मी धावत जाऊन रिसीव्हरला कान लावला.

"नाही, नाही," साडू ओरडून सांगत होते. "इथं आज या अकाडियन लोकांचा दिवस असतो. सगळं गाव भांडी बडवत रस्त्यानं जातं. डबे, झाकणं, परात, मिळेल ते. मी टेलिफोन बूथमधून बोलतोय."

"पण कशासाठी?"

"आम्ही अजून इथंच आहोत, हे सांगायला."

"कुणाला?"

"कुणाला असं नाही," ते म्हणाले. "नुसतं सांगायचं."

"आणि तुम्ही काय वाजवताय?"

"ताट आणलंय घरून, स्टीलचं. मी आपला मागं आहे जरा, पुढं धक्काबुक्की होते. कानात कापूस घातलाय." मग पुन्हा काहीतरी म्हणाले, पण त्यांच्याच ताटाच्या आवाजात ते बुडून गेलं आणि फोन बंद झाला.

आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. मग माझी बायको स्वयंपाकघरात गेली आणि ताट आणि डाव घेऊन आली. "एकदा वाजवू या का? गंमत म्हणून." मी खिडकीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. या देशानं आम्हाला कधी दुखवलं नाही, अन्न दिलं, मान दिला. तरी मी म्हणालो, "हळू वाजव हं." तिनं एकदाच वाजवलं. आवाज घरभर फिरला आणि विरला. आम्ही दोघंही दाराकडे बघत राहिलो.

कुणी आलं नाही. खालच्या मजल्यावर नवीन कुटुंब होतं, भली माणसं, आपल्या कामाशी काम ठेवणारी. साडू असते तर पायांत एकच चप्पल घालून धापा टाकत दारात उभे राहिले असते आणि म्हणाले असते, "काय पडलं हो? सगळे ठीक आहात ना?"